पायाच्या अंगठ्याची किंमत: कारखान्यातला बूट घरापर्यंत का पोहोचला नाही?

१/
भारतातील कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. कोणता अवयव गमावला असता माणसाची कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली असे मानावे, याचे ते कोष्टक. हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर १४ टक्के. पायाचे दुसरे कोणतेही बोट मुळापासून गेले तर ३ टक्के. या कोरड्या आकड्यांमागे अनेक देशांतील कामगारांचा मोठा झगडा उभा आहे. आणि एक जागा अशी आहे की जिथे या कोष्टकाचा काहीच उपयोग होत नाही: माणूस स्वतःच स्वतःसाठी राबतो ती घरातली कार्यशाळा.

२/
पादत्राण ही काही नवी वस्तू नव्हे. आर्मेनियातील अरेनी येथील गुहेत २००८ साली सापडलेला चामडी जोडा सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा आहे. गाईच्या कातड्याच्या एकाच तुकड्यातून तो बेतलेला असून त्यात गवत भरलेले होते. काटे, थंडी आणि चिखल यांपासून पाऊल वाचवण्याची विद्या मनुष्याला फार पूर्वीच साधली. मात्र काम करताना वरून पडणाऱ्या वजनापासून पाऊल वाचवणारा बूट सामान्य कामगाराच्या पायात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. हा विलंब अज्ञानामुळे झाला नाही. पाय चिरडला तर त्याचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाचे उत्तर बदलेपर्यंत तो बूट आला नाही.

३/
प्रथम पावलाची रचना पाहू. एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे प्रौढ शरीरातील २०६ हाडांपैकी सुमारे चौथा हिस्सा. तळव्याला चरबीची जाड गादी आहे. पावलाच्या वरच्या बाजूला मात्र कातडीखाली जवळजवळ लगेचच स्नायुबंध आणि हाडे लागतात. निसर्गाने पाऊल जमिनीच्या बाजूने मढवले, आकाशाच्या बाजूने उघडे ठेवले. चालताना प्रत्येक पावलाचा शेवटचा रेटा अंगठा देतो. तो दुखावला की चाल बिघडते, तोल ढळतो, आणि तासन् तास उभे राहून करायचे काम अवघड होऊन बसते.

४/
यंत्रयुगापूर्वीच्या भारतीय कारागिराचे पाऊल केवळ देह तोलून धरत नसे. ते त्याचे तिसरे-चौथे हात होते. सुतार जमिनीवर बसून फळी पायाने दाबून धरी आणि वाकसाने तासे. चांभार कातड्याचा तुकडा पायाच्या बोटांत पकडून दोन्ही हात शिवणीसाठी मोकळे ठेवी. खड्ड्याच्या मागावर बसलेला विणकर पावड्या पायांनीच चालवी. जिथे पाश्चात्त्य कारागिराने बाकाला शिकंजा बसवला, तिथे भारतीय कारागिराने स्वतःचे पाऊल वापरले. अशा पावलावर जाड जोडा चढवणे म्हणजे हातात मोजे घालून सुईत दोरा ओवण्यासारखे झाले असते.

५/
या सवयीला श्रद्धेचीही जोड होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सुताराची पटाशी, लोहाराचा घण, शिंप्याची कात्री यांची पूजा होते. पूजनीय हत्यारांच्या सान्निध्यात वहाण घालून वावरणे अनेकांना अप्रशस्त वाटे. शिवाय कारागिराची कार्यशाळा बहुधा घराच्या ओटीवर किंवा पडवीत असे, आणि उंबऱ्याच्या आत वहाण येत नसे. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण पादत्राणाला समाजाने कोणते स्थान दिले होते हे सांगून जाते. घरातल्या कामाची जागा अनवाणी राहिली, त्यामागे दारिद्र्य होते तसेच शील आणि सवयही होती.

६/
युरोपात हवामान वेगळे, जमीन वेगळी. ओल्या, चिखलट प्रदेशांत लाकडाचा जोडा रुजला. नेदरलंड्समध्ये त्याला ‘क्लोंप’ म्हणतात, फ्रान्समध्ये ‘साबो’. अॅमस्टरडॅम येथील उत्खननात मिळालेला एक लाकडी जोडा सुमारे इ. स. १२३० चा मानला जातो. एकाच ओंडक्यातून कोरलेला हा जोडा स्वस्त, पाणी न शोषणारा आणि टणक. गाईचा खूर पायावर पडला, कुदळ निसटली, खिळा आडवा आला, तरी लाकूड मध्ये उभे राही. डच लाकडी जोडे आधुनिक युरोपीय सुरक्षा-चाचण्यांतही उत्तीर्ण झालेले आहेत. अर्थात पायाला कवच हवे, ही जाण मध्ययुगीन शेतकऱ्यालाही होती.

७/
इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणी-गावांत या जोड्याने वेगळे रूप घेतले. वरचा भाग चामड्याचा, तळवा लाकडाचा, आणि तळव्याच्या कडेने घोड्याच्या नालेसारखी लोखंडी पट्टी. पहाटे हजारो पावले गिरणीकडे निघाली की फरसबंद रस्त्यांवर त्यांचा खणखणाट उठे. पण याच गिरण्यांतील म्यूल नावाच्या कताई-यंत्रांपुढे काम करणारे कामगार बहुधा अनवाणी असत, कारण तेलाने माखलेल्या लाकडी जमिनीवर जोडा घसरे. पावलाला इजा करणारी कारणे अनेक असतात. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला आमंत्रण देऊ शकतो, हा धडा तिथेच मिळाला.

८/
येथे एका लोकप्रिय दंतकथेचा निकाल लावणे इष्ट. संतप्त फ्रेंच कामगारांनी आपले ‘साबो’ यंत्रांत फेकले आणि त्यावरून ‘सॅबोटाज’ हा शब्द जन्मला, असे सर्रास सांगितले जाते. या कथेला पुरावा नाही. फ्रेंच भाषेत ‘साबोते’ या क्रियापदाला आधीपासूनच धांदरटपणे, कसेबसे काम उरकणे असा अर्थ होता. लाकडी जोड्यांतल्या खडखडत्या, जड चालीवरून तो आला. १८९७ साली तुलूझ येथील कामगार संघटनेच्या परिषदेत एमिल पूजे यांनी मुद्दाम संथ व निकृष्ट काम करण्याचे तंत्र मांडले आणि त्या शब्दाला राजकीय धार आली. जोडा यंत्रात गेला नाही. तो केवळ भाषेत गेला.

९/
लाकडी जोडा असो वा चामडी, तो कामगार स्वतःच्या पैशाने घेई. अपघात झाला तर त्याचा भारही त्याच्याच शिरावर पडे. इंग्लंडमध्ये १८३७ साली ‘प्रीस्टली विरुद्ध फाउलर’ हा खटला गाजला. मालाने अतिभारित झालेली गाडी कोलमडून एका खाटकाच्या नोकराची मांडी मोडली. मालकाने भरपाई द्यावी ही त्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. नोकरी पत्करणारा तिच्यातील धोकाही पत्करतो, असा सिद्धान्त या निकालापासून पुढे दृढ होत गेला. कामगाराचे हाड मोडणे मालकाला जवळजवळ फुकट पडू लागले. जी हानी मालकाच्या हिशेबाच्या वहीत येतच नाही, ती टाळण्यासाठी तो बूट कशाला पुरवील?

१०/
हे गणित प्रथम जर्मनीत बदलले. बिस्मार्कच्या कारकिर्दीत, जुलै १८८४ मध्ये, अपघात विमा कायदा संमत झाला. अपघातात चूक कोणाची, हा प्रश्नच त्याने बाजूला सारला. विम्याचा सर्व खर्च मालकांच्या उद्योगनिहाय संघांवर टाकला आणि संपूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाच्या दोन तृतीयांशांपर्यंत निर्वाहवेतन ठेवले. बिस्मार्क कामगारांचा कैवारी नव्हता. समाजवादी चळवळीची हवा काढून घेणे हा त्याचा हेतू होता. परिणाम मात्र दूरगामी झाला. पैसे मालकांच्या खिशातून जाऊ लागताच त्यांच्याच संघांनी अपघात टाळण्याचे नियम रचले आणि तपासनीस नेमले.

११/
त्याच वर्षी, अवघ्या काही आठवड्यांनंतर, मुंबईत आणखी एक घटना घडली. जोतीराव फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्यांसोबत एक मागणी अशी होती: कामावर जबर दुखापत झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या.

१२/
बर्लिनमध्ये जे सत्तेने वरून दिले, ते मुंबईत अनवाणी कामगारांनी खालून मागितले. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा पट्ट्यांवर फिरणारी उघडी यंत्रे होती, आणि त्यांच्या भोवती वावरणाऱ्या बहुसंख्य कामगारांच्या पायांत काहीही नसे. आठवड्याची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली. दुखापतीची भरपाई मात्र लांबली. लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना निवर्तले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ब्रिटनमधील कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदा केला. भारतातील कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मुंबईतल्या मागणीपासून तेथवर ४० वर्षे लोटली.

१३/
अमेरिकेत हा प्रश्न एका अभ्यासाने ऐरणीवर आणला. क्रिस्टल ईस्टमन या विदुषीने पिट्सबर्ग परिसरातील, म्हणजे पोलादाच्या राजधानीतील, जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षातल्या ५२६ कामगार-मृत्यूंची छाननी केली. तिचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. कामगारांचा निष्काळजीपणा हेच अपघातांचे कारण, या समजुतीला त्यातील माहितीने तडा गेला, आणि अपघातांचा आर्थिक भार मृतांच्या कुटुंबांवरच पडत होता हे उघड झाले. १९११ पासून विस्कॉन्सिन आणि अन्य राज्यांनी नुकसानभरपाईचे कायदे अमलात आणले.

१४/
मग कारखानदारांना सुरक्षिततेचे महत्त्व झपाट्याने उमगू लागले. कायद्यांची चाहूल लागताच युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने १९०८ मध्ये सुरक्षा समिती नेमली. १९१३ मध्ये औद्योगिक सुरक्षेची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. ‘सुरक्षा प्रथम’ हे घोषवाक्य भिंतींवर झळकले. चवड्यापुढे पोलादी टोपी बसवलेले बूट अमेरिकी कंपन्या १९३० च्या दशकात विकू लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धातील प्रचंड उत्पादनाबरोबर ते कारखान्यांत रूढ झाले. पोलाद आणि चामडे तर आधीही होते. नवी होती ती चिरडलेल्या बोटांची मालकाला मोजावी लागणारी किंमत.

१५/
जपानने याच काळात एक निराळी वाट चोखाळली. तेथील सुतार, खाणकामगार आणि शेतकरी गवताच्या विणलेल्या वहाणा वापरत. त्या लवकर झिजत. क्युशू बेटावरील कुरुमे येथील इशिबाशी बंधूंनी १९२३ मध्ये रबरी तळव्याचा ‘जिका-ताबी’ बाजारात आणला. त्यात अंगठा वेगळा आणि बाकीची बोटे वेगळी राहतात, त्यामुळे पावलाची पकड कायम राहते आणि तळवाही वाचतो. धाकटे बंधू शोजिरो यांनी १९३१ मध्ये टायरची कंपनी काढली. ‘इशी’ म्हणजे दगड, ‘बाशी’ म्हणजे पूल. आडनावाचा इंग्रजी अनुवाद उलटा करून तिचे नाव ठेवले ब्रिजस्टोन. पुढे बांधकामासाठी पोलादी टोपीचे जिका-ताबीही निघाले. कारागिराच्या पावलाचे कौशल्य न मारता त्याला कवच देता येते, याचा हा दाखला.

१६/
आजचा सुरक्षा-बूट चाचणीतून जातो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०३४५ आणि भारतीय मानक आयएस १५२९८ यांनुसार सुरक्षा-बुटाच्या टोपीने २०० जूल ऊर्जेचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसला पाहिजे. सोप्या भाषेत, २० किलोचे वजन सुमारे एक मीटरवरून पडले, किंवा दीड टनाचा भार हळूहळू चढला, तरी आत बोटांना पुरेशी जागा उरली पाहिजे. टोपी पोलादाची असो, अॅल्युमिनियमची वा धातुविरहित मिश्रणाची, परीक्षा एकच. ‘सेफ्टी’सारखे दिसणारे परंतु मानकाचे चिन्ह नसलेले बूट या परीक्षेला बसलेलेच नसतात.

१७/
या बुटाभोवतीही एक दंतकथा फिरते: फार मोठे वजन पडले तर पोलादी टोपी वाकून बोटेच छाटते, त्यापेक्षा साधा बूट बरा. या तर्कातील गफलत सरळ आहे. टोपी पूर्ण वाकवण्याइतका आघात जिथे होतो, तिथे साध्या बुटातील पावलाचा आधीच चुराडा झालेला असतो. टोपीची खरी मर्यादा दुसरी आहे. ती फक्त बोटांपुरती असते. पावलाच्या मधल्या लांब हाडांवर तिचे छत्र नसते. म्हणूनच ओतकाम किंवा अवजड सुटे भाग हाताळण्याच्या कामासाठी पावलाच्या पाठीवरही ढाल असलेले बूट मिळतात.

१८/
आता कायद्याच्या उंबऱ्याकडे पाहू. भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. १८९१ मध्ये ही मर्यादा ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने ती यंत्रशक्ती असल्यास १० आणि नसल्यास २० अशी केली. सदुसष्ट वर्षांत संरक्षणाचे छत्र हळूहळू लहान कारखान्यांपर्यंत खाली उतरत आले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने मात्र दिशा फिरवली. तिच्यात कारखान्याची मर्यादा २० आणि ४० अशी वर नेलेली आहे.

१९/
१९४८ च्या कायद्याचे ८५ वे कलम या इतिहासात विशेष बोलके आहे. कामगारांची संख्या कमी असली तरी एखाद्या जागेला हा कायदा लागू करण्याचा अधिकार त्याने राज्य शासनाला दिला. पण त्याला एक अपवाद जोडला: मालक केवळ आपल्या कुटुंबीयांच्या मदतीने जेथे उत्पादन करतो, ती जागा वगळून. घराचा खासगीपणा जपण्याचा हेतू त्यामागे दिसतो, आणि तो समजण्याजोगा आहे. मात्र भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या गावांत यंत्रमाग आणि राहते घर एकाच भिंतीला टेकलेले असतात. शासनाचा तपासनीस ज्या उंबऱ्याशी थांबतो, तिथे यंत्राचा धोका थांबत नाही.

२०/
घरात यंत्रे येण्याची दुसरी वाट हौसेची. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीने पिस्तुलासारख्या मुठीचे विजेचे ड्रिल पहिल्या महायुद्धाच्या काळात बनवले, ते कारखान्यांसाठी. दुसरे महायुद्ध संपताच, १९४६ मध्ये, तिने खास घरगुती वापराची ड्रिल बाजारात आणली. पुढे घासणारे, कापणारे, तासणारे प्रत्येक हत्यार याच मार्गाने घरी आले. कारखान्यात त्या हत्याराभोवती चार गोष्टी असत: नियम, फलक, देखरेख करणारा मुकादम आणि पायांत बूट. घरी आले ते फक्त हत्यार. ड्रिलच्या खोक्यात मुकादम मावत नव्हता.

२१/
घरच्या कार्यशाळेत पावलाला धोका तो कितीसा? बाकाची उंची ९० सेंटिमीटर धरू. तेथून निसटलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि त्या क्षणी तिचा वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर असतो. पाच किलोचा लोखंडी तुकडा असल्यास आघात सुमारे ४४ जूलचा. प्रमाणित बुटाच्या टोपीला हे किरकोळ; उघड्या बोटाला असह्य. पटाशी हलकी असते, पण तिची सगळी ऊर्जा एका धारेवर एकवटते. त्यात भर म्हणजे वस्तू निसटली की ती वाचवायला पाय पुढे करण्याची अनेकांची सवय. क्रिकेटच्या मैदानावर चेंडू अडवणारा तोच पाय येथे घात करतो.

२२/
वरून पडणाऱ्या वस्तूइतकाच खालून घुसणारा खिळा वाईट. जुन्या फळीतून वर टोक काढलेला खिळा पातळ चपलेचा तळवा सहज भेदतो. गंजामुळे धनुर्वात होतो ही समजूत चुकीची आहे. माती आणि शेणात असणारे जंतूंचे बीजाणू खोल जखमेत जातात आणि तेथे प्राणवायू कमी असल्यामुळे ते वाढतात. १८९० मध्ये बर्लिन येथे बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वातावरील प्रतिविषाचा शोध लावला. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना ते सरसकट टोचू लागल्यावर या रोगाचे प्रमाण झपाट्याने घटले. म्हणून खोल टोचलेला खिळा उपटून काम चालू ठेवायचे नसते. जखम धुऊन डॉक्टरांना दाखवायची असते. बुटाच्या तळव्यातील भेदरोधक थर तर ही वेळच टाळतो.

२३/
तिसरा शत्रू उष्णता. ओतशाळेतील कामगारांचे बूट शतकभरापूर्वीही बहुधा नाडीविना असत. नाडीच्या खाचेत वितळलेला थेंब अडकतो आणि बूट चटकन काढता येत नाही. त्याच कारणाने विजार बुटात खोचायची नाही, बुटावरून खाली सोडायची. वेल्डिंगच्या ठिणग्या कृत्रिम जाळीच्या खेळाच्या बुटांना भोके पाडतात आणि फोमच्या चपला वितळवतात; चामडे टिकाव धरते. घरी अॅल्युमिनियम ओतणाऱ्या हौशी कारागिरांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ओलसर काँक्रीटवर वितळलेला धातू सांडला तर अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. कोरडी वाळू अंथरलेली जमीन हा ओतशाळांचा जुना आणि खात्रीचा उपाय.

२४/
इतिहासातून घरच्या कार्यशाळेसाठी निघणारे शहाणपण थोडक्यात असे. लाकूडकाम, लोहकाम किंवा जड वस्तूंची हालचाल असेल तर मानकाचे चिन्ह असलेला, टोपीचा आणि भेदरोधक तळव्याचा चामडी बूट. जमीन तेलकट असेल तर न घसरणारा तळवा. लँकेशायरच्या अनवाणी कामगारांनी हेच शिकवले. जमिनीवर बसून पायाने लाकूड धरायची पद्धत असेल, तर धारेचे हत्यार हातात असेपर्यंत ती पकड शिकंज्याकडे सोपवावी. हत्यारे बाकाच्या कडेला नव्हे, आतल्या बाजूला ठेवावीत. फळ्यांतील खिळे आधी काढावेत. कामाचा बूट कार्यशाळेतच ठेवला तर घराच्या उंबऱ्याची मर्यादाही पाळली जाते.

२५/
आणि खंडेनवमीचे काय? परंपरेशी वाद घालण्याची गरज नाही. पूजेच्या दिवशी हत्यारे विसावलेली असतात, यंत्र बंद असते. त्या दिवशी अनवाणी राहण्यात कोणताच धोका नाही. ज्या हत्याराला नमस्कार करायचा, त्याच्या सामर्थ्याची जाणीव ठेवणे हाही त्या नमस्काराचाच भाग मानता येईल. अनवाणी काम करणाऱ्या जुन्या कारागिरांपुढे विजेवर फिरणारी चक्री नव्हती. त्यांची सवय त्यांच्या हत्यारांना साजेशी होती. हत्यार बदलले की सवयही बदलावी लागते.

२६/
१८८४ मध्ये लोखंडे यांनी विचारलेला प्रश्न असा होता: कामगाराचा पाय मोडला तर भार कोणी वाहायचा? मोठ्या कारखान्यांपुरते त्याचे उत्तर कायद्याने दिले, आणि ते उत्तर मिळाल्यावरच तिथे बूट आला. घरच्या कार्यशाळेत मालक तोच, मुकादम तोच आणि कामगारही तोच. तिथे भरपाई मागायला समोर दुसरे कोणी नसते, आणि अंगठ्याचे १४ टक्केही कोणी मोजून देत नाही. शंभरांवरून पन्नास, वीस आणि दहा असा खाली उतरत आलेला संरक्षणाचा नियम शेवटच्या एका माणसापर्यंत कधीच पोहोचला नाही. ते अंतर त्या माणसाने स्वतःच, बुटाची नाडी बांधून, ओलांडायचे आहे.